रत्नागिरीच्या सड्यावर उल्कांची पहाट

डिसेंबरच्या मध्यावर रत्नागिरीत पहाटे तीन वाजता जागे असणारे थोडेच. मिरकरवाडा बंदरातले दिवे पाण्यात हलत असतात, आणि गावाबाहेरच्या एखाद्या बागेतल्या मांगरात बागायतदार कूस बदलत बाहेरच्या हवेचा अंदाज घेत असतो. हे दिवस हापूसच्या मोहोराचे. या दिवसांत बागायतदार दोनच गोष्टी मागतो : आकाश निरभ्र असावे आणि पहाटे चांगली थंडी पडावी. मळभ आले की तुडतुडे आले, भुरी आली आणि वर्षाच्या कमाईवर सावट आले.

मोहोराला हवे असलेले हेच आकाश आणखी एका सोहळ्याला लागते. दर वर्षी १३ आणि १४ डिसेंबर यांच्यामधल्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने येणारा उल्कावर्षाव शिगेला पोचतो. त्या रात्री रत्नागिरीच्या कातळसड्यावर किंवा आरे-वारेच्या किनाऱ्यावर तासभर शांत पडून राहणाऱ्याला जे दिसते, त्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि पैसाही मोजावा लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी : झोपमोड करण्याची तयारी, धीर आणि अंधार. पहिल्या दोन माणसाच्या हाती आहेत. तिसरी दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहे, आणि ती वाचवणे बरेचसे बाजारपेठेच्या हाती आहे.

तारा तुटतो, म्हणजे काय होते?

मराठीत 'तारा तुटला' असे म्हणतात. पण आकाशातला एकही तारा त्यामुळे कमी होत नाही. तुटताना दिसतो तो धुळीचा कण. वाळूच्या दाण्याएवढा, फार तर वाटाण्याएवढा. सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीच्या पट्ट्यातून पृथ्वी जाते, तेव्हा असे असंख्य कण वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून साधारण शंभर ते ऐंशी किलोमीटर उंचीवर जळून जातात. मिथुन वर्षावातील कणांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर असतो. रत्नागिरी ते मुंबई हे रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरांहून थोडे अधिक असलेले अंतर असा कण दहा सेकंदांच्या आत कापील. एवढ्या वेगामुळे इवलासा कण आणि त्याच्या वाटेतली हवा तापून उजळते, आणि डोळ्याला क्षणभर प्रकाशाची रेघ दिसते.

बहुतेक उल्कावर्षावांचा उगम धूमकेतूंत असतो. मिथुन वर्षावाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पहिल्या नोंदी १८६२ सालच्या आहेत. परंतु ही धूळ कोणाची, हे कळायला पुढची १२१ वर्षे लागली. १९८३ साली 'आयरास' या उपग्रहाच्या निरीक्षणांतून सूर्याजवळून फिरणारा एक खडकाळ गोल सापडला. त्याची कक्षा आणि मिथुन उल्कांची कक्षा एकच निघाली. सूर्याचा रथ हाकायला गेलेल्या ग्रीक पुराणकथेतील मुलावरून त्याला फेथॉन हे नाव मिळाले. हा लघुग्रह सुमारे ५२४ दिवसांत सूर्याची एक फेरी पूर्ण करतो आणि त्या फेरीत बुधाच्या कक्षेच्याही बराच आत जातो. त्याच्यापासून सुटलेली धूळ कक्षाभर पसरलेली आहे आणि दर डिसेंबरात पृथ्वी तिच्यातून जाते.

पहाटच का?

पावसात मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीच्या पुढच्या काचेवर थेंबांचा मारा होतो. मागच्या काचेवर मोजकेच थेंब पडतात. पृथ्वीचेही तसेच आहे. मध्यरात्रीनंतर आपला भाग पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेला वळतो, म्हणजे आपण पुढच्या काचेशी येऊन बसतो. त्यामुळे सर्वसाधारणपणे पूर्वरात्रीपेक्षा उत्तररात्री उल्का अधिक दिसतात.

मिथुन वर्षावाला दुसरेही कारण आहे. या उल्का आकाशात कुठेही दिसल्या, तरी त्यांच्या रेघा मागे वाढवल्या की त्या पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर या ताऱ्याजवळ एकत्र येतात. कोकण रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे भासतात, तसाच हा दृष्टीचा खेळ. हा उगमबिंदू रत्नागिरीत त्या दिवसांत रात्री आठच्या सुमारास ईशान्येला वर येतो आणि अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर पोचतो. बिंदू जितका उंच, तितक्या उल्का अधिक. म्हणून दोन ते पाच ही वेळ उत्तम. साडेपाचनंतर पूर्वेकडे उजेड फुटू लागतो आणि खेळ आवरता घ्यावा लागतो.

पुस्तकांत या वर्षावासाठी ताशी १२० ते १५० असा आकडा दिलेला असतो. तो वाचून निघालेल्याची निराशा होण्याचा संभव आहे. कारण तो आकडा पूर्ण काळ्याभोर आकाशाचा आणि उगमबिंदू थेट डोक्यावर असतानाचा आहे. प्रत्यक्षात चांगल्या अंधाऱ्या जागी त्याच्या निम्म्या उल्का दिसल्या तरी रात्र सार्थकी लागली असे समजावे. शहरातल्या गच्चीवरून मात्र तासाभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतील.

कोकणाच्या वाट्याचे आकाश

युरोप-अमेरिकेत उल्कावर्षाव म्हटला की ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययाती तारकासमूहातील वर्षाव आठवतो. कोकणात त्या रात्री पागोळ्या वाहत असतात. आकाश दिसण्याची आशाच करू नये. पाऊस सरला की मात्र कोकणाची पाळी येते. ऑक्टोबरच्या २१-२२ तारखेला मृग नक्षत्राच्या दिशेने येणाऱ्या उल्का ही हॅलीच्या धूमकेतूची धूळ. १९८६ साली ज्या आजी-आजोबांनी तो धूमकेतू पाहिला, त्यांच्या नातवंडांना तो २०६१ साली दिसेल. पण त्याचे कण मात्र दर वर्षी दोनदा, ऑक्टोबरात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, भेटीला येतात. जानेवारीच्या ३-४ तारखेचा भूतप तारकासमूहातील वर्षाव जोरदार, पण अवघ्या काही तासांचा.

नोव्हेंबरच्या १७-१८ तारखेचा सिंह राशीचा वर्षाव इतिहासात गाजलेला आहे. टेंपल-टटल हा त्याचा धूमकेतू साधारण तेहतीस वर्षांनी परततो, आणि त्याच्या पुढे-मागे कधीकधी उल्कांचे वादळ येते. १८३३ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत असे वादळ झाले, तेव्हा प्रलय आला असे समजून लोक भयभीत झाले होते. उल्का एका बिंदूतून फुटताना दिसतात, याकडे अभ्यासकांचे लक्ष त्याच रात्री वेधले गेले आणि उल्कांच्या शास्त्राला दिशा मिळाली.

१९९९ च्या नोव्हेंबरात असे वादळ पुन्हा येणार, ही वार्ता महाराष्ट्रातही पसरली होती. ते आलेही, पण त्याचा परमोच्च क्षण १८ नोव्हेंबरला भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेसातच्या सुमारास होता. तोपर्यंत महाराष्ट्रात सूर्य उगवून पाऊण तास झाला होता. युरोप आणि पश्चिम आशियातील लोकांनी त्या पहाटे उल्कांचा पाऊस पाहिला. इथे रात्रभर जागलेल्यांच्या वाट्याला त्याची सुरुवात तेवढी आली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर सिंह वर्षाव हा मोठ्या सौद्याचा धंदा आहे, साधला तर साधला. मिथुन वर्षाव हा दर वर्षी ठरल्या दिवशी येणाऱ्या रोखीच्या गिऱ्हाइकासारखा. त्याच्यासाठी तेहतीस वर्षे थांबावे लागत नाही.

अडथळा एकच, चंद्राचा. पण ज्या घरात तिथी पाहूनच दिवस सुरू होतो, त्या घराला तो हिशेब शिकवावा लागत नाही. १४ डिसेंबर शुक्ल पक्षाच्या पहिल्या आठवड्यात आला, तर चंद्र लवकर मावळतो आणि पहाट पूर्ण अंधारी मिळते. कृष्ण पक्षाच्या पहिल्या आठवड्यात आला, तर पहाट चांदण्यात बुडते. २०२६ साली अमावास्या ९ डिसेंबरच्या सुमारास आहे. त्यामुळे १३-१४ च्या रात्री कोवळा चंद्र मध्यरात्रीच्या बराच आधी मावळेल.

कुठे बसावे, काय पाहावे

रत्नागिरी शहरात अंधार शोधावा लागतो. रत्नदुर्गाच्या बाजूला दीपगृहाचा झोत फिरतो, मांडवीला रस्त्यावरचे दिवे आहेत. भाट्याच्या पुलापलीकडील सुरूच्या बनाजवळ त्याहून बरे; गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेला आणखी बरे. पण सर्वांत उत्तम म्हणजे गावामागचा सडा. जांभ्याचे हे विस्तीर्ण पठार, ना झाड ना घर, चारही बाजूंनी आकाश टेकलेले. उक्षीसारख्या ठिकाणी याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी प्राण्यांची आणि गूढ आकारांची कातळशिल्पे कोरून ठेवली आहेत. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे गेल्यास शिल्पांवर पाय पडणार नाही याची खबरदारी घ्यावी. एकट्याने जाऊ नये, रस्त्यापासून फार आत शिरू नये आणि जमीन कोणाची असेल त्याला आदल्या दिवशी कल्पना द्यावी.

सोबत जाड चटई, कानटोपी आणि पांघरूण असावे. कोकणातली थंडी फार नसते, पण दव अंग भिजवते. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक नजर टाकली की ती कमाई क्षणात जाते. म्हणून फोन खिशात ठेवावा. विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद लावावा. पायाखालचा जीवजंतू दिसण्याइतका उजेड मिळतो आणि डोळेही सांभाळले जातात. फराळाची व्यवस्था करण्याचे कारण नाही. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नवकारशीचे पच्चक्खाण असणाऱ्यांनी त्यानंतर दोन घडींनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, घरी पोचून पारणे करावे. वेळ नेमकी जुळते.

पाठीवर पडून राहावे आणि एका जागी टक लावू नये. तीन वाजता मिथुन माथ्यावर असतो, मृग पश्चिमेकडे कललेला, त्यामागोमाग व्याध झळकत असतो आणि नैर्ऋत्येला क्षितिजालगत अगस्ती. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला, तो याच मृग नक्षत्राच्या आधारे वेदकाळ ठरवण्यासाठी. पाच वाजेपर्यंत मिथुन समुद्राकडे झुकतो, सिंह डोक्यावर येतो आणि पूर्वेला चित्रा वर चढलेली दिसते.

मुलांना गुंतवण्याचा उत्तम उपाय म्हणजे वही. व्यापाऱ्याच्या घरात जमाखर्चाला कोणी नवखा नसतो. दर पंधरा मिनिटांचा एक रकाना आखावा. एकाने नोंदी ठेवाव्यात, बाकीच्यांनी उल्का दिसताच सांगावे. प्रत्येकाची मोजणी स्वतंत्र ठेवावी, बेरीज करू नये; कारण एकच उल्का चौघांना दिसते. मिथुनाच्या दिशेने न आलेली उल्का वेगळ्या खात्यात मांडावी. अशा साध्या डोळ्यांनी केलेल्या मोजण्या हौशी निरीक्षकांकडून गोळा करण्याचे काम १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना करते, आणि वर्षावाची तीव्रता ठरवताना त्या उपयोगी पडतात. मार्गदर्शन हवे असेल, तर पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ अनेक वर्षे हौशी निरीक्षकांना आकाशाची ओळख करून देत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर चमकलेली उल्का रत्नागिरीतून दिसते आणि कोल्हापुरातूनही. दोन गावांतल्या नातलगांनी आपापल्या वह्यांतल्या वेळा दुसऱ्या दिवशी ताडून पाहाव्यात. एकच रेघ दोन्ही घरांनी पाहिली असल्याचे ध्यानात येईल.

भीती, नवस आणि दगड

उल्का पाहू नये, अशुभ असते, असे काही घरांत अजून सांगतात. तर चित्रपट पाहून वाढलेली मुले तिच्याकडे इच्छा मागतात. दोन्हींना आधार नाही. वर्षावातील कण इतके लहान असतात की त्यांतला एकही जमिनीवर पोचत नाही. जमिनीवर येतात ते अशनी, आणि ते वर्षावातले नसतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात दुपारी दगड पडले, ते अशनींचे तुकडे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर फार प्राचीन काळच्या प्रचंड आघाताने घडलेले. 'तुटलेल्या ताऱ्याचा दगड' म्हणून कोणी काही विकायला आणला, तर व्यापारी माणसाने काय करावे हे सांगण्याची गरज नाही.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आकाशातून जळते तुकडे सावकाश जाताना दिसले आणि उल्कावर्षावाची आवई उठली. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष होते. त्यातले धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीजवळ सापडले. खरी उल्का सेकंदभरात विझते. सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी जाणारी आग बहुधा माणसाने वर पाठवलेलीच असते.

आपल्या पूर्वजांनी उल्कांकडे किती बारकाईने पाहिले होते, याच्या खुणा ग्रंथांत आहेत. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार सांगितले. स्थानांगसूत्रात आकाशाशी संबंधित दहा अस्वाध्याय दिले आहेत आणि त्या यादीचा आरंभच उल्कापाताने होतो. उल्का दिसल्यास आगमांचे पठन ठरावीक काळ थांबवण्याची ती मर्यादा. ती पाळायची, तर कोणाचे तरी लक्ष आकाशाकडे असणे ओघानेच आले. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात भगवान अजितनाथांच्या वैराग्याला उल्कापात निमित्त झाल्याचे वर्णन आहे. बारा भावनांपैकी पहिली अनित्य भावना. ती समजावून सांगायला पुष्कळ शब्द लागतात. सड्यावर पडलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ती एका रेघेत दिसते. 'कुठे गेली?' असे विचारेपर्यंत ती गेलेली असते.

अंधाराची राखण

मात्र ती रेघ दिसण्यासाठी मागे काळी पाटी हवी, आणि ती पुसट होत आहे. समुद्राच्या बाजूला बोटींच्या दिव्यांचा लखलखाट, जमिनीच्या बाजूला महामार्गाचे, हॉटेलांचे आणि गोदामांचे दिवे. बाजारपेठेत रात्री नऊला दुकान बंद होते, पण नावाची पाटी सकाळपर्यंत झगमगत राहते. त्या पाटीचे गिऱ्हाईक घरी झोपलेले असते. उजेड मात्र वर आकाशात जातो आणि मंद उल्का गिळून टाकतो.

या दिव्यांचे दुसरे मोल जैन घराला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. दिव्याकडे झेपावणारे कीटक आणि त्यांची होणारी हिंसा, हे रात्रिभोजनत्यागामागील एक कारण पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले आहे. घरातला दिवा त्या विचाराने लवकर मालवणारे कुटुंब दुकानावरचा दिवा रात्रभर जळत ठेवते, तेव्हा हिशेबात काहीतरी चुकते. पाटीला घड्याळाचा स्विच बसवावा, ती दुकानाबरोबर बंद व्हावी. सुरक्षेसाठी दिवा हवाच असेल, तर तो वरून झाकलेला, खाली वळवलेला आणि पिवळसर असावा. विजेचे बिल कमी होते, जीव वाचतात आणि आकाशाचा एक तुकडा परत मिळतो. एका दुकानाने शहर अंधारत नाही. पण बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी मिळून ठरवले, तर मध्यरात्रीनंतरची रत्नागिरी वर्षभर वेगळी दिसू शकते. निदान १३ डिसेंबरच्या रात्रीपासून आरंभ करायला हरकत नाही.

साडेपाच वाजता सड्यावर पूर्वेची कड फिकी होते. शेवटची एखादी उल्का समुद्राकडे उतरते, वहीत शेवटची रेघ ओढली जाते आणि चटया गुंडाळल्या जातात. खालच्या बागांतून मोहोराचा वास येऊ लागतो. नऊ वाजता दुकानाची फळी उघडायची आहे, मुलांना शाळा आहे. गाडीत बसल्यावर मुले डुलक्या घेतात. पण आकडा कोणाचा मोठा, यावरचा वाद घरी पोचेपर्यंत संपत नाही.